खेकड्यासाठी वाळू

"सर, तुमच्या खेकड्याले आमच्या सरोवराची वाळू चालीन काय?"

मागच्या बाकावरून नूरबीनं चिमटा काढला तेव्हा कुठे चांगुणाच्या तोंडून प्रश्न निघाला. विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैजच होती. सारा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचं शाळेचं हे पहिलं प्रदर्शन. त्यासाठी त्यांनी थेट रत्नागिरीहून डबाभर समुद्राचं पाणी आणि शंखात राहणारे दोन खेकडे आणले होते. काचेच्या पेटीचा तळ तेवढा रिकामा होता.

"तूच ठरव," त्यांनी तिच्या हातात डब्यातल्या समुद्राच्या पाण्याची बाटली दिली. "पण वाळू चुकली तर खेकडे जगायचे नाहीत."

चांगुणा उड्या मारतच घरी आली. लोणारच्या पोरीला खाऱ्या पाण्याचं कोणी काय शिकवावं! तिचे बाबा, शेषराव, ऐकताक्षणी सरोवरात उतरले आणि विवराचा तो उभा चढ चढून डोक्यावर पाटीभर वाळू घेऊन आले.

"घे! आपल्या गावचा समुद्र," ते धापा टाकत म्हणाले.

चांगुणानं बाटलीतलं पाणी दोन वाट्यांत ओतलं. एकीत बाबांची वाळू, दुसरीत शाळेच्या बांधकामावरची पैनगंगेची. जरा वेळानं बोटं बुडवली. बाबांच्या वाटीतलं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागलं.

"माय, पापडात खार जास्त झाला त कसं समजते व?"

"चिमटीभर हयद टाकाची," चुलीपासून केसरबाई म्हणाल्या. "लाल पडली का समज, खारानं घात केला."

चांगुणानं दोन्ही वाट्यांत हळद टाकली. पैनगंगेच्या वाळूत ती पिवळीच राहिली. बाबांच्या वाटीत कुंकवासारखी लालभडक झाली.

शेषराव वाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी पाटी उचलली.

"कुठी चालले, बाबा?"

"फेकतो. बिनकामाची निघाली."

"फेकाची नाई!" चांगुणा दारात आडवी झाली. "समुद्राचा खेकडा राहीन नदीच्या वाळूत. पण ह्या वाळूतबी बारीक बारीक किडे पयतात, म्या डोयानं पाह्यले. माय, काचेची बरणी खाली कर, लोणचं कुठीबी ठेव. बाबा, तुम्ही उद्या पुन्हा उतरा, अन् पाणीबी आणा. प्रदर्शनात समुद्राच्या बाजूले मी आपलं सरोवर मांडून राह्यली!"