तोलासाठी दगड

ही एकचाकी गाडी ज्याने कुणी शोधून काढली, त्याच्या घरात सासू-सून नक्कीच नसणार, असं रोंगला वाटलं. चाक मधोमध. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सासू, आणि मागे दांडे धरून ढकलणारा नवरा. एकीने जरा अंग हलवलं की दुसरी कलंडायची. त्यातून आज तिला माहेरी सोडायला निघालेले, तेही कायमचं. सून उलट बोलते, एवढा गुन्हा सासूला पुरला होता. ती जातीने बरोबर आली होती, कारण पोराचा भरवसा नव्हता. वाटेतून परत फिरायचा!

तो कसला फिरतोय! खुआनने सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. बायकोला घालवून देताहेत आणि हा आपला गाडी ढकलतोय.

"नीट बस की गं! घसरतेय मी इकडे."

"मग माझ्या जागी दगडच ठेवायचा होतात. तो हलत नाही."

"आणि उलटही बोलत नाही," सासू म्हणाली.

एरवी सासू बाजाराला निघाली की तोलासाठी दुसऱ्या बाजूला दगडच असायचा. सासऱ्यांनी डोंगराकडून आणलेला. पिवळ्या नदीच्या या गाळाच्या मुलखात चार गावं पालथी घातली तरी तसा दुसरा मिळाला नसता. परतीसाठी तो गाडीखाली बांधून घे, असं सासूने खुआनला रात्रीच बजावलं होतं.

माहेरच्या शिवेवर, तुतीच्या झाडाखाली, रोंग बोचकं घेऊन उतरली. गाडी कलली आणि सासू थेट शेतात जाऊन बसली. रोंगला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले.

"दगड काढ," सासू कपडे झटकत म्हणाली.

खुआन चाकाकडे बघत राहिला. "घरी राहिला."

"राहिला? मेल्या, बजावलं होतं ना! जा, हिच्या बापाकडून धान्याचं पोतं मागून आण."

"मागा की," रोंग म्हणाली. "मुलगी टाकायला आलोय, बदल्यात एक पोतं द्या म्हणावं."

सासूने पोत्याचा नाद सोडला. तिच्या गुडघ्यांना चालणं झेपणारं नव्हतं. ऊन चढत होतं. शेवटी रोंगकडे न बघताच ती म्हणाली, "बस. घरापर्यंतच. दगड मिळू दे, मग बघते."

घरी दगड दाराशी नव्हता. सासूने अंगण धुंडाळलं, पेंढ्याची गंजी उपसली, पोराच्या नावाने बोटं मोडली. रोंग पाणी काढायला गेली. तिने विहिरीत पोहरा सोडला, तो तळाशी कशावर तरी ठक्‌ करून आपटला.

तिने वळून पाहिलं. खुआन चाकाचा चिखल पुसत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"अहो," ती दातओठ खात हळूच म्हणाली, "एवढा दगड उचलून विहिरीत टाकलात, त्यापेक्षा तोंड उघडणं हलकं नव्हतं का?"

खुआनने जरा विचार केला.

"नाही," तो म्हणाला.