शालूबाईची लाली

"चेहरा लाल कधी होतो?" नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं.

शालूबाईच्या आधी तिच्या नवऱ्यानंच तोंड उघडलं. "मी वावरातून घरी आलो का होतो जी," संतराम म्हणाला.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, शालूबाई कधी लाजली म्हणून नव्हती. गेल्या वर्षापासून मात्र तो दारात आला की ती कानापर्यंत लाल व्हायची. शेजारची भिकाबाई चिडवायची, "म्हातारपणी नवरी झालीस का काय गं?" संतराम वरवर रागवायचा, पण आखाडा बाळापूरच्या बाजारातून न सांगता गजरा आणायला लागला होता.

"दुपारी बी होतो," शालूबाई हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. यकृतात गाठी पसरल्या होत्या. सुरुवात कुठून झाली, ते मूळ काही केल्या सापडत नव्हतं. "या गाठी रक्तात एक रस सोडतात, त्यानं चेहरा लाल होतो. दर महिन्याला इंजेक्शन घ्या. मूळ सापडलं नाही तरी आजार आवरता येईल. लाली थांबली की औषध लागू पडलं समजा."

बायको जगावी, एवढंच संतरामला हवं होतं. तरी परतताना एसटीत तो तोंड पाडून बसला. ती लाली आपल्यासाठी नव्हती, याचं त्याला फार वाईट वाटलं. आणि अशा वेळी असलं मनात यावं, याची लाजही वाटली. शालूबाई वाटभर त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तीन इंजेक्शनं झाली. संध्याकाळी शालूबाई दारात उभी, आणि गाल लालच. संतराम बोटांवर पुढच्या इंजेक्शनाचे दिवस मोजायचा.

"उद्या बाजारातून कुंकू आणा," ती म्हणायची.

"मागच्याच बाजारी तं आणलं."

"सांडलं."

चौथ्या खेपेला तिला बाहेर बाकावर बसवून तो एकटाच आत गेला. "औषध लागू पडून नाही राहिलं साहेब. रोज लाल होते."

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा पाहिला. "रस पार उतरलाय. चेहरा लाल व्हायचं काही कारणच नाही."

तपासणीच चुकली असणार, असं संतरामनं धरलं.

दुसऱ्या दिवशी वावरातून आला तर ती दारातच. गाल लाल, कपाळावर घाम.

"तकलीफ होऊन राहिली का?"

"न्हाई जी."

त्यानं खांद्यावरचा पांढरा रुमाल काढला आणि तिचं तोंड पुसू लागला. ती मागं सरली, पण उशीर झाला होता. पुसलेला गाल गव्हाळ होता, आणि रुमालावर कुंकू उतरलं होतं.