एकाच संगणकापुरतं

मूल गावातल्या शाळेतले देवराव सर अंध होते. पडद्यावरचं सारं त्यांना विकतचं सॉफ्टवेअर वाचून दाखवायचं. सहावीतल्या अंध नंदिनीला जुना लॅपटॉप मिळाला, तेव्हा ती म्हणाली, “सर, तुमचं बोलणारं सॉफ्टवेअर मले पण द्या ना.” परवाना एकाच संगणकापुरता होता. “नाई देता येत, बेटा,” म्हणताना त्यांचा जीव तुटला. मग त्यांनी कुणालाही वाटता येणारं, मोफत सॉफ्टवेअर शोधलं. त्याचा आवाज घोगरा, बटणंही निराळी दाबावी लागत. तिला शिकवायचं म्हणून उतारवयात ते महिनाभर विद्यार्थी झाले. रविवारी तिच्या घरी जाऊन सरांनी ते बसवलं. नंदिनीनं चाचपडत आपलं नाव लिहिलं. लॅपटॉप म्हणाला, “नंदिनी.” ती खळखळून हसली, मग भीतभीत म्हणाली, “सर, हे माह्या घुग्घुस गावच्या मैत्रिणीले देऊ काय? तिले पण दिसत नाई.” “दे बेटा,” सर म्हणाले, “जो मागन त्याले दे.”