दोन मिनिटांची डॉक्टर

१९६२ साल. न्यूयॉर्कच्या एका टीव्ही मालिकेत काळी नटी वर्डेल दोन मिनिटांपुरती का होईना, डॉक्टर झाली होती. रविवारी संध्याकाळी दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात, तिच्या आईकडे, ओझेलाकडे, चर्चची निम्मी मंडळी टीव्हीपुढे दाटीवाटीने बसली. मालिका सुरू झाली, संपली. वर्डेल काही दिसली नाही.

"आपल्या गावच्या टीव्ही केंद्राचीच करणी," शेजारीण म्हणाली. "काळा चेहरा आला की कात्री लावतात मेले."

निदान बाकीच्या देशाने तरी पोरीला पाहिलं असेल, अशी ओझेलाने मनाची समजूत घातली.

तेवढ्यात वर्डेलचा फोन आला. ती काही बोलायच्या आतच ओझेला म्हणाली, "पाहिलं गं बाई तुला. पांढरा कोट काय शोभत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."




"आई, मालिकेला पैसे देणाऱ्या जाहिरातवाल्यांनी माझा प्रसंग इथे न्यूयॉर्कलाच कापायला लावला. अख्ख्या देशात कुणालाच मी दिसले नाही, तेच सांगायला फोन केला होता."