जांभळ्या अक्षरांचा हात

"कागद फसवतो, शाई फसवते. लिहिणारा हात बघ, इनोकेन्ती, हात बघ!" गुरुजी जाऊन वर्षं लोटली, पण त्यांचा खोकल्याने फाटलेला आवाज इनोकेन्ती साविचच्या कानात तसाच होता.

टेबलावर कवी दोरोखिनचं पुस्तक होतं. भिंतीला लावायच्या फुलाफुलांच्या कागदाचं वेष्टन, आत एकदा हाताने लिहून सरसाच्या वडीवरून छापासारखी उठवलेली सोळा जांभळी पानं. १९१३ साली पन्नासच प्रती निघाल्या. लेनिनग्राडच्या या संग्रहालयातल्या प्रतीला शेवटचं पान नव्हतं. हिला होतं. तेच त्याला खटकत होतं. शिवाय अशी उठवलेली शाई पन्नास वर्षांत विटून जाते. ही कालची वाटत होती.

"इतकी ताजी कशी हो, आजीबाई?"

"पिठाच्या डब्यात होती. ऊन नाही लागलं," ही प्रत घेऊन आलेली ग्लाफिरा तिखोनोव्हना म्हणाली. "युद्धात शहराला वेढा पडला त्या हिवाळ्यात खुर्च्या जाळल्या, कपाट जाळलं. ही नाही."

"आणि किंमत?"

"काही नको. नीट ठेवा म्हणजे झालं."

फुकट? त्याचा संशय आणखी वाढला. शनिवारी प्रदर्शन उघडणार होतं. शेवटच्या पानाचा त्याच्याकडे एक धूसर फोटो तेवढा होता, आणि त्यातल्या थरथरत्या अक्षरांवर, कवीच्या काळजातल्या वादळावर, त्याने अख्खं प्रकरण लिहिलं होतं. नकली प्रत मांडली, तर वीस वर्षांचं नाव मातीत.

त्याने नोंदवही पुढे सरकवली. "नाव, पत्ता लिहा."

म्हातारी वाकून सावकाश लिहीत गेली. रस्त्याच्या नावात सहा पायांच्या किड्यासारखं दिसणारं ते रशियन 'झ', म्हणजे 'Ж', आलं. त्याचा एक पाय आखूड होता. इनोकेन्तीने भिंग पुस्तकावर धरलं, मग वहीवर. तोच आखूड पाय.

"वा, आजीबाई! हुबेहूब! या वयात बनावट माल? पोलिसांना बोलावू?"

तिने वेष्टनावर तळहात ठेवला.

"बोलाव की. पण आधी तुझी प्रत काढ, बाळा."

त्याने कपाटातून संग्रहालयाची प्रत आणून शेजारी ठेवली. भिंग लावायची गरजच नव्हती. तो आखूड पाय तो वीस वर्षं ओळखत होता.

"कवीच्या ओळी कवीच्याच हातच्या हव्यात, असं दोरोखिनने जाहीर केलं होतं," तो पुटपुटला.

"केलं होतं ना. आणि त्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागायचं नाही! सरस मी शिजवायचे, पानं मी लिहायचे. कुणाला सांगू नकोस म्हणाला, नाही सांगितलं."

"पण शेवटचं पान? ती थरथर?"

ग्लाफिरा तिखोनोव्हनाने ते पान उघडलं.

"तो खिडकीशी उभा राहून मजेत ओळी सांगत होता, दुसऱ्या एकीसाठी. रडत मी होते."