धुतलेला लिफाफा

"पहिलं पान लावू नकोस," लाइल म्हणाला. "बाकीची पंधरा लाव."

नेडीन हातातलं खोकं धरून तशीच उभी राहिली. शाळेच्या व्यायामशाळेत सकाळपासून प्रदर्शनाच्या चौकटी उभ्या राहत होत्या. दहाला दारं उघडायची, त्याआधी परीक्षकांची फेरी. तेरा नंबरची चौकट तिच्या वडिलांची, रसेलची; लाइल त्यांचा जुना मित्र. मार्चमध्ये ते गेले तेव्हा तिनेच त्यांच्या तिकिटं-लिफाफे जमवणाऱ्यांच्या क्लबला कळवलं होतं की यंदा पानं ती लावेल.

खोक्यात त्यांचे लिफाफे होते, पानापानावर एकेक डकवलेला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या कंपन्या गावोगावच्या दुकानदारांना पत्रं धाडायच्या ती असल्या लिफाफ्यांतून. डाव्या अंगाला रंगीत चित्र: अस्वलापुढे गांगरलेला शिकारी, लव्हाळ्यातून उठणारी बदकं. उजवीकडे तिकीट आणि पत्ता.

"का नको?"

"कारण त्या पानापायी तुझ्या बापाला एकवीस वर्षं रौप्यपदकावर भागवावं लागलं. परीक्षक दर वर्षी एकच शेरा मारायचे. पहिला लिफाफा खराब आहे, बदला. हा तो शेऱ्याचा कागद घडी करून खिशात घालायचा आणि पुढच्या वर्षी तेच पान घेऊन हजर. खेचर परवडलं."

"त्यांना सुवर्णपदक हवं होतं, अंकल. हॉस्पिटलमध्येसुद्धा बोलले."

"म्हणून तर सांगतोय." लाइलने कोटाच्या आतल्या खिशातून दोन पुठ्ठ्यांमध्ये जपलेला एक लिफाफा काढला. "हा घे. तोच, त्याच सालचा, तिकिटासकट. माझ्याकडचा. रसेलला दहा वेळा देऊ केला. म्हणायचा, तूच ठेव. आता त्याला नाही म्हणता यायचं नाही."

वाळल्या गवतात एक शिकारी कुत्रा पुढचा पाय उचलून थबकलेला, आणि त्याच्यासमोरून तांबूस लावे भर्रकन उडालेले. नेडीनने खोकं खाली ठेवलं आणि पहिलं पान बाहेर काढलं.

तिने ते लगेच ओळखलं.

तिकिटाच्या जागी फिकट चौकोन होता. तांबडा रंग फुटून आभाळभर पसरला होता. लावे नव्हते. काळ्या शाईतला कुत्रा तेवढा उरला होता.

ती सहा वर्षांची होती. तिकीट कोमट पाण्यात भिजवून कसं सोडवायचं हे शाळेत नुकतंच शिकवलं होतं. डॅडींना मदत करावी म्हणून तिने त्यांच्या टेबलावरचा सगळ्यांत मळका लिफाफा उचलला, सिंकमध्ये बुडवला आणि ब्रशने घासलाही. तिकिटं जमवणारे ती सोडवून घेतात आणि लिफाफे जमवणारे तिकिटाला हात लावू देत नाहीत, हा फरक तिला त्या संध्याकाळी डॅडींच्या चेहऱ्यावरून कळला. ओला लिफाफा दोन्ही तळव्यांवर घेऊन ते तळघरात उतरले. खाली घर तापवायची भट्टी होती. लिफाफा तिच्यात गेला असं ती पन्नास वर्षं धरून चालली होती. विचारलं कधीच नाही.

प्रत्येक लिफाफ्याखाली टाइपरायटरवर ठोकलेल्या चार ओळी असत. कंपनी, साल, छपाई, स्थिती. ह्याच्याखालीही होत्या.

*साल १९०३. छपाई रंगीत. स्थिती: भांड्यांच्या साबणाने धुतलेला, अगदी स्वच्छ. धुणारी: माझी मुलगी नेडीन, वय सहा. तिकीट तिच्या संग्रहात. असा दुसरा नमुना माहीत नाही.*

तिने ते दोनदा वाचलं.

"हे इथे लावलेलं असायचं? सगळ्यांसमोर?"

"पहिल्या जागी. लोक थांबून वाचायचे, हसायचे. रसेल पलीकडे कॉफी घेऊन उभा असायचा, आपलं लक्षच नाही असं दाखवत."

"मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी आलीच नाहीस," लाइल म्हणाला.

पलीकडच्या टोकाला तिघे परीक्षक पाट्यांना कागद लावून पहिल्या चौकटीपाशी आले होते.

नेडीनने लाइलचा लिफाफा पुन्हा पुठ्ठ्यांत घातला आणि त्याच्यापुढे धरला. "हा तुम्हीच ठेवा, अंकल."

लाइलने तो लगेच घेतला नाही. "यंदाचं सुवर्णपदक जवळजवळ हातात होतं, पोरी. नुसतं पान बदलायचं होतं."

"हो."

"बापाचीच आहेस."

"थांबा, एकदा परत बघू द्या." तिने पुठ्ठा जरासा उघडला आणि उडालेल्या पाखरांवरून बोट नेत मोजलं. "चार होते. मला वाटायचं दोन." मग लिफाफा त्याच्या हातात दिला. "दहा वेळा देऊ केलात. थँक यू."

"अकरा," लाइल म्हणाला.

तिने पहिलं पान पहिल्या जागी लावलं, मग बाकीची पंधरा. लाइलने पारदर्शक झाकण वर धरलं, तिने चारी स्क्रू पिळले. एक जरा तिरका गेला, तो तिने काढून पुन्हा बसवला. परीक्षक आता सहाव्या चौकटीपाशी होते. ती कॉफीचा कप घेऊन पलीकडे, भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

लाइल चौकटीपाशीच होता. तो चष्मा कपाळावर ढकलून वाकला. चित्रातला कुत्रा पाय उचलून समोरच्या कोऱ्या, तांबूस आभाळाकडे बघत होता.

"काय जनावर आहे," तो म्हणाला. "अजून जागचं हललं नाही."