भोपळ्याची पारख

ट्रॅक्टरची ट्रॉली शेताच्या कडेला थांबली आणि उतरणाऱ्या माणसांत लोरेनला आपली मुलगी कोरीन दिसली.

तिनं पटकन पाठ फिरवली आणि समोरच्या भोपळ्यावर वाकली. ती इथं येऊन थांबायची त्याचा हा तिसरा शनिवार. ऑक्टोबर लागला की आसपासची पोरंटोरं या शेतावर लोटतात, कोरून दिवा करायला आपापला भोपळा स्वतः वेलीवरून तोडून नेतात. कोरीन येणार ती इथंच, हे लोरेनला ठाऊक होतं. लहानपणी ती दुसऱ्या कुठल्या शेतावर जायला तयारच व्हायची नाही. शेतमालक वॉल्डोला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. ट्रॅक्टरवरूनच तो ओरडला, "काय बाई, आज तरी नेणार का भोपळा? की नुसतीच नजर लावून जाणार?"

माणसं हसली. लोरेननं मान वर केली नाही.

कोरीनबरोबर एक पाच वर्षांची मुलगी होती. ती पोटात असताना लोरेन म्हणाली होती, "बापाचा पत्ता नाही, आणि हे ओझं घेऊन माझ्या दारात येऊ नकोस." कोरीन आली नव्हती. ते ओझं आता चिखलातून उड्या मारत, वेली ओलांडत, सरळ लोरेनच्याच ओळीत शिरलं.

कोरीन मागं ढकलगाड्यांच्या रांगेत उभी होती. मुलगी एका अवाढव्य भोपळ्यापाशी येऊन थांबली आणि तिनं त्याला मिठी मारली.

"हाच!" ती लोरेनला म्हणाली. जवळ सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

"खालून बघितलास का?" लोरेननं विचारलं. आपला आवाज इतका साधा निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

दोघींनी मिळून तो कलता केला. खालची बाजू काळी पडली होती. मुलीनं बोट लावलं तर बोट आत गेलं.

"शी!"

"वरून सगळेच छान दिसतात. हा बघ." लोरेन गुडघ्यावर बसली. तिनं मुलीचा हात धरला. हात गार होता, नखांत माती होती. तिनं तो एका मध्यम भोपळ्यावर ठेवला. "नख दाब. जोरात. उमटलं?"

"नाही."

"म्हणजे साल पक्की. आता देठ बघ. हिरवा आणि टणक पाहिजे. आता टिचकी मार आणि कान लाव."

मुलीनं कान लावला. तिचे केस लोरेनच्या गालाला लागले. "आत कुणी नाहीये," ती कुजबुजली.

"पोकळ वाजला म्हणजे पिकला."

"आणि ही पांढरी जागा? हा आजारी आहे?"

"नाही गं. त्या कुशीवर झोपला होता तो. उन्हाळाभर तिथं ऊन लागलं नाही, एवढंच."

मुलीनं त्या पांढऱ्या जागेवरून हात फिरवला. "माझं नाव विनी. तुम्ही कुणाला घेऊन आलाय?"

"एकटीच आलेय."

"तुम्हाला मुलगी नाही?"

"आहे."

"कुठंय?"

"आहे इथंच कुठंतरी."

"हरवली?"

'मीच येऊ नको म्हटलं तिला', लोरेनच्या ओठांवर शब्द आले होते. एवढ्याशा पोरीला ते कळलेही असते. तिनं ते गिळले आणि वेल कापायची कात्री काढली. "देठ लांब ठेवायचा हं," ती म्हणाली. "धर, दोघी मिळून कापू."

करकर करत देठ सुटला. लोरेननं मान वर केली तेव्हा कोरीन चार पावलांवर उभी होती. ढकलगाडीच्या मुठी तिनं घट्ट धरल्या होत्या. ती किती वेळ तिथं होती, कुणास ठाऊक. तिच्या कानाजवळ केस पिकायला लागले होते.

"आई, आई, या बाईंनी मला शिकवलं! नख दाबायचं, मग टिचकी—"

"माहितीये मला," कोरीन म्हणाली.

"तुला कुणी शिकवलं?"

कोरीननं ढकलगाडी पुढं घेतली आणि भोपळा उचलायला वाकली. लोरेननं तीन आठवडे घरात येरझाऱ्या घालत वाक्यं जुळवली होती. माफीची वाक्यं, आरशासमोर म्हणून बघितलेली. त्यातलं एकही आता आठवेना.

"देठाला धरून नको उचलूस," ती म्हणाली. "तुटेल."

कोरीनचा हात देठावरच थांबला. मग तिनं दोन्ही तळवे भोपळ्याखाली घातले आणि तो अलगद गाडीत ठेवला.

"विनी, बाईंना थँक्यू म्हण."

"थँक्यू!"

"चल. ट्रॉली निघेल."

दोघी गेल्या. लोरेन गुडघ्यावरून उठली नाही. वॉल्डोनं ट्रॅक्टर सुरू केला. ट्रॉली हलली तशी विनी मागच्या बाकावरून दोन्ही हात हलवायला लागली, पण ट्रॉलीचा कठडा उंच होता. हळूहळू तिचे हातच तेवढे दिसायला लागले.

कोरीननं वळून बघितलं. तिनं हात हलवला नाही. विनीच्या काखेत हात घालून तिनं तिला उचललं, बाकावर उभं केलं, आणि ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं.